आबांची दावण

परवा आमचे पुण्याचे व्याही घरी आले असताना मी माझ्या नातीचा खालचा ओठ अंगठ्यानं दाबून तिचे दात पाहिले. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. "दात आलेत वाटतं," असं काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेता आली असती. पण दात पाहून झाल्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "आदत आहे अजून. हाडपेर बरं आहे. चालेल."

व्याह्यांनी चहा बशीत ओतला होता, तो बशीतच राहिला. ते पुण्यात जन्मलेले, पुण्यात वाढलेले. जनावर म्हणून त्यांनी टांग्याचा घोडा तेवढा पाहिलेला, तोही मागून. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी आपल्या सुनेकडे, म्हणजे आमच्या सुमनकडे पाहिलं. सुमननं पदर तोंडाला लावला. मुलगी लाजेनं रडते आहे, असं त्या दोघांना वाटलं असावं. ती हसत होती हे फक्त मला कळलं, कारण तिचेही दात लहानपणी असेच पाहिले गेले होते.

आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत असं जनावर. ही विद्या मी भोरच्या कचेरीत कारकुनी करून मिळवलेली नाही. ती माझ्या सासऱ्यांची. त्यांना सगळे आबा म्हणत. विंझरच्या वर, तोरण्याकडं जाणाऱ्या वाटेवर एका वाडीत त्यांचं घर होतं. अंगानं सडसडीत, उंचीनं असे की स्वतःच्या घरातसुद्धा वाकून शिरायचे. आणि ज्या गोष्टीसाठी ते साऱ्या मावळात ओळखले जायचे ती म्हणजे, आबा माणसांशी बोलत नसत.

मुके नव्हते. बैलांशी बोलायचे. सकाळी गोठ्यात शिरले की आतून तास-तासभर बोलणं ऐकू यायचं. रात्री झोप लागली का, वैरण कशी होती, पावसाचं काय वाटतं, शेजारच्याच्या खोंडानं काल शिंग का मारलं. मग गोठ्यातून बाहेर यायचे आणि तोंड मिटायचं. माणसानं काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हं." त्या एका 'हं'मध्ये होकार, नकार, आभार आणि शिवी हे सगळं बसायचं. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. वाडीतले लोक म्हणत, आबांना पुढचा जन्म बैलाचा हवाय, म्हणून आत्तापासून ओळखी करून ठेवतायत.

बैल पारखायला मात्र त्यांना लांबलांबून बोलावणं यायचं. बाजारात आबा एखाद्या खोंडाभोवती एक फेरी मारत, दात बघत, कपाळावरचा भोवरा बघत, पाठीवरून हात फिरवत, आणि मग जनावर ठेवावं की परतवावं तेवढ्यापुरतं बोलत. या कामात त्यांनी कधी गल्लत केली नाही. गल्लत झाली ती एकदाच, मला पसंत केलं तेव्हा.

ते मला बघायला आले तेव्हा माझे वडील म्हणाले, "मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा. पुस्तकं पुष्कळ वाचलीत त्यानं."

आबा माझ्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "चालवून दावा."

वडिलांनी मला खूण केली. मी अंगणातून विहिरीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. जन्मात मी इतक्या काळजीनं कधी चाललो नव्हतो.

"डाव्या पायानं जरा आकडतंय," आबा म्हणाले. "पन बसून खायाचं काम हाय. चालंल."

असं आमचं लग्न ठरलं. दात बघितले नाहीत हे उपकार.

माझी बायको सगुणा ही आबांची एकुलती एक मुलगी. आता एकुलती एक म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढं बापाच्या खांद्यावर बसलेली, जत्रेत फिरणारी मुलगी येईल. ती येऊ देऊ नका. आबांनी सगुणेला आयुष्यात एकदाही उचललं नव्हतं. आमच्या मुलुखात तेव्हा रीतच तशी होती. घरात वडीलधारं माणूस असताना बापानं आपल्या पोराला हात लावायचा नाही. पोर आज्याचं, चुलत्याचं, गावाचं. बापाचं तेवढं नाही. कुणी बापानं पोर कडेवर घेतलंच तर लोक तोंड फिरवायचे, जणू त्याचं धोतर सुटलंय. शेजारपाजारचे बाप ही रीत वाकवायचे. परसात, रानात, म्हाताऱ्याची पाठ वळली की पोराला उचलून घ्यायचे. आबा वाकणाऱ्यांतले नव्हते. वाकणं त्यांनी फक्त दारांसाठी राखून ठेवलं होतं.

आणि आबांचे वडील ओसरीत बसलेले असायचे. ते तिथंच असायचे. जोत्यावर घोंगडी, हातात चिलीम, समोर सगळं अंगण. प्लेग येऊन गेला, पटकी येऊन गेली, दोन्ही त्यांना न भेटता गेली. सगुणा जन्मली, रांगली, चालली, परकर जाऊन लुगड्यात आली, लग्न होऊन भोरला आली, तरी थोरले म्हातारे ओसरीत होतेच.

सगुणा एक गोष्ट नेहमी सांगायची. ती लहान असताना अंगणातल्या गव्हाणीवर चढली आणि घसरून पडली. कानामागं खोक पडली. आबा तिथंच, हाताच्या अंतरावर, बैलाला खरारा करत उभे होते. त्यांनी ओसरीकडं पाहिलं. म्हातारे चिलीम ओढत होते. मग आबांनी घराकडं तोंड करून हाक मारली, "आत कोन हाय का? तुमचं काय तरी पडलंया हितं."

सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. त्या येईपर्यंत सगुणा पडलेली आणि आबा उभे. त्यांनी एक केलं म्हणतात, बैल मात्र मागं सरकवला, तिला पाय लागू नये म्हणून.

ही गोष्ट सगुणा चार माणसं जमली की सांगायची, आणि 'तुमचं काय तरी' म्हणताना आबांचा आवाज अगदी हुबेहूब काढायची. माणसं पोट धरून हसायची. मी सगळ्यांत जास्त हसायचो. सांगताना ती स्वतः हसत नाही, ही गोष्ट चारचौघांत मला कधी दिसली नाही; हसताना माझे डोळे मिटतात.

तर थोरले म्हातारे एकदाचे गेले, आणि त्याच साली सुमन झाली. बाळंतपण माहेरी. सासूबाई तोवर वारल्या होत्या, म्हणून आबांची चुलतभावजय, सगुणेची काकी, करत होती. मी बारशाला गेलो तेव्हा जे पाहिलं ते सांगतो. काकीनं दुपट्यात गुंडाळलेली पोर आणून आबांच्या पुढं धरली. आबांनी ओसरीकडं पाहिलं. ओसरी रिकामी होती. घोंगडीसुद्धा उचलून ठेवलेली. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग हात पुढं केले.

पण पोर धरायचं कसं ते त्या हातांना ठाऊक कुठं होतं? त्यांनी आयुष्यभर वासरंच उचललेली. त्यांनी एक हात सुमनच्या छातीखालून घातला, एक मांड्यांखालून, आणि तिला आडवी उचलली. पोट खाली, तोंड पुढं. मग तिच्या नाकात एक जोराची फुंकर मारली. नुकत्याच जन्मलेल्या वासराला मारतात तशी. सुमन शिंकली.

"जित्तं हाय," आबा म्हणाले, आणि हसले. आबांना हसता येतं ही बातमी संध्याकाळपर्यंत वेल्ह्याला पोचली होती.

पुढं बाळू झाला. दोघं चालती-बोलती झाली तशी दर वैशाखात सगुणा त्यांना घेऊन माहेरी जायची. नसरापूरपर्यंत सर्व्हिस मोटार, तिथून विंझरला बैलगाडी, आणि वर पायी. विंझरला आबा आधीच येऊन उभे असायचे. एक पोर या खांद्यावर, एक त्या खांद्यावर, आणि चढाला लागायचे. मागून सगुणा, आपलं गाठोडं आपण घेऊन.

आणि आबा बोलायला लागले. इतकी वर्षं साठवलेलं सगळं. पण त्यांना येत होती ती एकच भाषा, बैलांची. माया करायची असली तर तीच, रागवायचं असलं तर तीच. सकाळी ओढ्यावर नेऊन भाताच्या पेंढ्याच्या बोळ्यानं पोरांना खसाखसा घासायचे. पोरं कारवीच्या रानात शिरून दिसेनाशी व्हायची, म्हणून दोघांच्या गळ्यात वासराच्या पितळी घंट्या बांधल्या. सुमनला खोकला झाला तर आलं-हळद-गुळाचा काढा केला, वेळूच्या नळकांड्यात भरला, तिची मान वर केली, नळकांडं गालात सारलं आणि गळ्यावरून हात फिरवत सगळा घशाखाली उतरवला. बैलाला औषध पाजतात तसा. भोरला हीच सुमन चमचाभर औषधासाठी घर डोक्यावर घ्यायची. तिथं खोकला नसलेला बाळूसुद्धा आ करून रांगेत उभा.

दात तर रोज बघायचे. त्यावरून चालणारी संभाषणं ऐकायला वाडीतली माणसं कामं टाकून कुंपणाशी यायची.

"आबा, मी दोनदाती कधी होणार?" बाळू विचारायचा.

"सातव्या वर्साला. म्होरलं दोन पडतील, नवं येतील. तवर बसून खा. मंग जू हाय मानंवर."

"आणि सुमी?"

"ती गाय हाय. गाईला काय बी काम नसतंय."

"मग ती काय करणार?"

"समदंच," आबा म्हणायचे.

कुणी कुंपणाबाहेरून म्हणे, "आबा, आमच्याशी बी बोला की कवातरी." आबांचं उत्तर, "हं."

यात आनंद किती होता ते मी सांगू शकत नाही, कारण तो मला थोडा महागात पडायचा. जूनमध्ये पोरं भोरला परतायची ती माणसांत यायला दिवाळी उजाडायची. बाळू बादलीत तोंड घालून पाणी प्यायचा. शाळेत हजेरीला नाव पुकारलं की 'हजर'च्या जागी हंबरायचा. मास्तरांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "आपण कचेरीत नोकरीला आहात, आपल्याकडं हे कुठून आलं?" मी म्हणालो, "सासरकडून." ही सबब जगात कुठंही चालते.

एका वर्षी पोळ्याला आम्ही सगळेच वर गेलो. आबांनी बैल धुतले, शिंगांना हिंगूळ लावला, पाठीवर झुली घातल्या, बाशिंगं बांधली. मग त्याच हिंगुळाचा हात पोरांवरून फिरला. सुमनच्या नव्या झग्यावर तांबडे ठिपके, बाळूच्या कपाळाला बाशिंग, दोघांच्या गळ्यात घंट्या. अंगणात रांग लागली. बैल, गाय, सुमन, बाळू. घरची लेक म्हणून ओवाळायचा मान सगुणेचा. ती तबक घेऊन आली. बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली. गाईला ओवाळलं. आणि सुमनपुढं आली तेव्हा आबांनी बाळूला उचलून खांद्यावर घेतलं आणि कुंपणाशी जमलेल्या लोकांकडं बघून म्हणाले, "ह्या दावनीला असली वासरं कंदी न्हवती बगा."

कुंपणाबाहेरच्या माणसांशी आपणहून बोललेलं हे त्यांचं पहिलं वाक्य असावं. लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या.

सगुणेनं तबक गाईच्या पुढ्यात, जमिनीवर ठेवलं. "माझी पोरं जनावरं नाहीत," ती म्हणाली. बाळूला आबांच्या खांद्यावरून खाली ओढलं, घंट्या सोडून आबांच्या हातात दिल्या, आणि पुरणपोळी न खाता आम्ही पावसात विंझरची वाट धरली. मी वाटेत तिची समजूत घालत होतो. झग्यावरचे डाग रिठ्यानं निघतात, असं मी तिला सांगितलं. तिनं चाल वाढवली. रिठ्यानं न निघाल्यास लिंबू लावावं, असंही सांगितलं.

पुढच्या वैशाखात पोरं वर गेली नाहीत. सगुणेनं कारण सांगितलं, ऊन फार आहे. त्याच्या पुढच्या वैशाखासाठी सुमनचा गोवर होता; आला होता तो माघात. ती बरी होऊन उंडारत होती. पण कारण म्हणून तो वैशाखापर्यंत पुरवायचा होता. वरून बाजाराला येणाऱ्या माणसाबरोबर आबा वस्तू पाठवायचे. करवंदांची पाटी, तुपाचं मडकं, एकदा वेळूचं नवंकोरं नळकांडं. मग एकदा निरोप आला, "दावन मोकळी हाय म्हनावं."

"बैल घ्या म्हणावं," सगुणा म्हणाली.

निरोप्या माझ्याकडं बघायला लागला. मी आढ्याकडं पाहिलं.

त्या गोवराच्याच साली, वैशाखाच्या तोंडाशी, मी एक दिवस कचेरीतून घरी आलो तर ओट्यावर आबा उभे. आमच्या भोरच्या घरी ते क्वचित यायचे. छपराची कड त्यांच्या कपाळाला लागायची. अंगात कोपरी, खांद्याला घोंगडी, पायांवर मांडीपर्यंत धूळ.

"बाजाराला आलतो," ते म्हणाले. "बैल बघाया."

"मिळाला का?"

"न्हाई."

"आबा, आज बाजार नाही."

"व्हय," आबा म्हणाले. "तवाच न्हाई मिळाला."

पोरं शाळेत होती. सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली, तो तिनं त्यांच्या हातात दिला आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"पोरांसाठी आलात," ती म्हणाली.

"हं."

"पोरं यायची नाहीत."

"हं."

दोन शहाण्या माणसांचं अडलं की मध्ये पडायचं, ही मला खोड आहे. मी म्हणालो, "अगं, घंटीचंच असेल तर आबा घंटी नाही बांधणार. आणि झगा तर धुऊन..."

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. "घंटीचं नाही." मग आबांकडं वळली. "त्याच अंगणात मी पडले होते. कानामागून रक्त येत होतं. तुम्ही मला उचललं नाहीत. आता बाळूला खांद्यावर घेऊन गावभर हिंडता, आणि लोकांना सांगता, असली वासरं ह्या दावणीला कधी नव्हती. मग मी कोण होते, आबा? वाटेवरची?"

आबांनी तांब्या ओट्यावर ठेवला. मला वाटलं, आता 'हं' म्हणणार. आणि तसं ते म्हणाले असते तर आमच्या घरातून वाडीची वाट त्या दिवशी कायमची मोडली असती.

"म्हातारा बसलेला असायचा वसरीत," आबा म्हणाले.

"म्हातारे बसले होते म्हणून मी तुमची नव्हते?"

आबांनी मान वर केली नाही. बाजारात, सौदा तुटायच्या बेताला आलेला असताना, जनावराच्या खुणा सांगतात त्या आवाजात बोलायला लागले.

"डोस्क्यात दोन भवरे. येक मदी, येक डाव्या अंगाला. डाव्या भवऱ्यावरचं क्यास उबं ऱ्हात्यात, त्याल लावलं तरी. उजव्या कानामागं व्रन, गव्हानीची कड लागल्याला. वरला म्होरला दात उशिरा आला, तवर शीळ घालायचीस त्या फटीतनं. चालताना उजवं पाऊल आत पडायचं. न्हानपनीच ग्येलं ते." त्यांनी घोंगडी खांद्यावर सारखी केली. "म्या उचललं न्हाई तुला. निसतं बघितलंया. तेबी वरनंच. उब्या मानसाला पोराचा भवराच दिसतोय."

सगुणेचा हात पदराखालून डोक्याकडं गेला, डाव्या बाजूला. तिचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती. दुसरा भोवरा असल्याचं मला त्या दिवशी कळलं. माझ्या बाजूनं एवढंच सांगतो की माझी उंची बेताची आहे.

ती आत गेली. आत भांड्यांचा आवाज झाला, जरुरीपेक्षा मोठा. मग ती पुन्हा दारात आली. डोळे पुसलेले.

"जेवायला बसा. पोरं येतीलच. उद्या घेऊन जा त्यांना. घंटी बांधायची नाही."

आबांनी कोपरीच्या खिशात हात घातला आणि घंटी बाहेर काढली. मोटारीतून, नसरापूरपासून, आवाज होऊ नये म्हणून आत चिंधी कोंबून आणलेली.

"मंग ही कुनाला?"

"इथं द्या," सगुणा म्हणाली. ती घंटी अजून आमच्या देवघरात आहे. आवाजाला बरी आहे, आणि देवांची काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन निघताना आबांनी सगुणेच्या डोक्यावर हात ठेवला. डाव्या अंगाला. इथं ओसरी नव्हती, म्हातारे नव्हते, फक्त मी होतो आणि मला ते मोजत नसत.

त्यानंतर पोरं दर वैशाखात गेली. बाळूचे पुढचे दोन दात पडले ते वाडीतच, आणि तो दोनदाती झाल्याची दवंडी पिटायची तेवढी राहिली. त्याला जू काही लागलं नाही. तो माझ्यासारखाच कारकून झाला. आबांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "बापाच्या वळनाव ग्येलं. आकडनारच."

आबांचं शेवटचं दुखणं मोठं नव्हतं. भाताच्या कापणीत थंडी-ताप आला आणि त्यांनी अंथरूण धरलं, आयुष्यात पहिल्यांदाच. आम्ही वर गेलो. वैद्यानं काढा दिला होता, पण तो ओठांवरूनच ओघळायचा. काकी चमच्यानं घालून दमली. सगुणेनं घरभर नजर फिरवली. गोठ्याच्या वळचणीला वेळूचं नळकांडं खोचलेलं होतं. ते तिनं धुतलं, काढा भरला, अंथरुणावर बसली आणि आबांचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. नळकांडं गालात सारून ती गळ्यावरून हात फिरवू लागली. आबांनी डोळे उघडले.

"दात बघतीस व्हय?"

"औषध आहे. गिळा."

"दातच न्हाईत. वय कशावनं सांगशील?" ते म्हणाले. "म्हातारं जनावर हाय. गिऱ्हाईक मिळायचं न्हाई."

"मला ठेवायचंच आहे," सगुणा म्हणाली. "गिळा."

त्यांनी सगळा काढा घेतला. डोकं तिच्या मांडीवरच राहिलं. गोठ्यातला बैल ओरडला तेव्हा आबांनी त्याला काहीतरी उत्तर दिलं, आम्हाला न कळेलसं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. ओसरीत मी बसलो होतो. लोक येऊन मला नमस्कार करून जात होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आता ओसरीतला मीच. मी उठून अंगणात उभा राहिलो.

तर परवाच्या प्रसंगाकडं येतो. व्याही-विहीणबाईंनी सुमनला परसात नेऊन बरंच काही विचारलं असावं, कारण परत आल्यावर ते माझ्याशी हळू आवाजात आणि जरा जपून बोलायला लागले. जाताना व्याह्यांनी मला प्रकृती सांभाळायला सांगितलं. त्यांचा टांगा वळणाआड गेला. नात ओट्यावर खेळत होती. मी तिच्या शेजारी कमरेवर हात ठेवून उभा होतो आणि सगुणा आता काय काय ऐकवेल याची मनात उजळणी करत होतो.

सगुणेनं चहाच्या कपबश्या गोळा केल्या. व्याह्यांची भरलेली बशी तिनं तुळशीत ओतली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "दात बघून झाले असतील तर खाली बसा. उभ्यानं नुसता भोवराच दिसतो."